बट आणि पुट, याला लॉजिक आहे!

बी यू टी बट तर मग पी यू टी पुट का, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यानपिढ्या विचारला जातोय आणि उत्तर ठरलेलं, इंग्रजीला लॉजिकच नाही, पाठ करून टाक. मला हे मुळीच पटत नाही. लॉजिक आहे, फक्त ते तीनचारशे वर्षं जुनं आहे.

१६०० च्या सुमाराला इंग्लंडात कप, बट, सन, लव्ह हे सगळे शब्द ऱ्हस्व उ नेच म्हणायचे, म्हणजे कुप, बुट, सुन. मग सतराव्या शतकात लंडनकडे, दक्षिणेत, हा उ सैल होत होत आपल्या अ च्या जवळ आला, पण प, ब, फ, व अशी ओठांची अक्षरं आधी असली की बऱ्याच शब्दांत तो टिकला, त्यातून पुढे ल किंवा श असेल तर जास्तच, म्हणून पुट, पुश, पुल, बुल, फुल, वुल्फ. सगळे नाही टिकले हां, बट आणि फन बदललेच. आणि स्पेलिंग? इंग्लंडातला पहिला छापखानेवाला विल्यम कॅक्स्टन, त्याने लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला १४७६ मध्ये, म्हणजे स्पेलिंग बसायला लागलं आधी आणि हा उच्चार फिरला नंतर.

उत्तरेत मात्र हा बदल पोचलाच नाही. माझी भाची लीड्सला असते, तिच्या शेजारच्या आजी आजही 'कुप' म्हणतात, बसला 'बुस' म्हणतात, आणि लोक त्याला गावंढळ समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण जुना स्वर त्यांनीच सांभाळलाय, बदलले ते लंडनवाले.

डबल ओ ची गोष्ट तर याहून भारी. फूड, गुड, ब्लड, स्पेलिंग एकच आणि स्वर तीन! मुळात तिन्हीत लांब ओ होता, तो पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या आसपास लांब ऊ झाला. ब्लड लवकर आखूड झाला, त्यामुळे कप-सन बरोबर तोही अ कडे गेला. गुड उशिरा आखूड झाला, तोवर ती लाट ओसरली होती, म्हणून उ वरच थांबला. फूड आखूड झालाच नाही. लँकेशायरमधली काही जुनी माणसं तर अजून 'बूक', 'कूक' असं लांब म्हणतात, आणि स्कॉटलंडमध्ये फूड आणि गुड यांचा स्वर एकच आहे.