अंटार्क्टिकात थंडी किती, हे नुसतं थर्मामीटर सांगत नाही

ध्रुवीय भागाचं नाव काढलं की सगळे आकडे फेकतात, १९८३ मध्ये अंटार्क्टिकातल्या वोस्तोक संशोधन तळावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस वगैरे, पण माणसाला खरा धोका किती हे ठरवायला वारा धरावाच लागतो. १९४१ मध्ये सायपल आणि पॅसेल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकात पाण्याचा छोटा सिलिंडर बाहेर टांगून पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं, विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या कातडीला थंडी किती जास्त जाणवते याचा हिशोब तिथूनच सुरू झाला. २००१ मध्ये फॉर्म्युला बदलला. आता उणे ३० तापमान आणि ताशी ३० किमी वारा असेल तर विंड चिल उणे ४६ च्या आसपास येतं, म्हणजे उघडी कातडी ५ ते १० मिनिटांत गोठू शकते!

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हायपोथर्मियाची, कारण शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की डोकंच नीट चालत नाही, त्यामुळे ज्याला झालंय त्यालाच कळत नाही. बोलणं अडखळतं, साधी चेन लावता येत नाही, आणि पुढे कुडकुडणं थांबतं, तेव्हा बरं वाटतंय असं समजू नका, ती फार वाईट खूण आहे. म्हणून बाहेर एकट्याने जायचंच नाही, एकमेकांचे गाल नाक सारखे बघत राहायचे, पांढरा किंवा राखाडी डाग दिसला की लगेच आत. आणि प्लीज, गोठलेला भाग चोळू नका, बर्फाने तर अजिबात नाही.