वरातीतल्या ट्रम्पेटपासून लास्ट पोस्टपर्यंत : माझा अनुभव

मी नाशिकरोडला राहतो आणि मामाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, बारा वर्षं झाली. वरात, हळद, गणपती, सप्तशृंगीला जाणाऱ्यांची मिरवणूक, सगळं वाजवून झालंय. बिगुल मात्र कधी हातात धरला नव्हता. गेल्या 26 जुलैला सिन्नरकडच्या एका गावात कारगिल विजय दिवसाला मी लास्ट पोस्ट, म्हणजे शहीद जवानांसाठी बिगुलावर वाजवायची फौजेची धून (फौजेत अशा धुनेला कॉल म्हणतात), वाजवून आलो, ते कसं जमलं ते बँडलाईनमधल्या पोरांनी फार विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात त्याच्या आदल्या वर्षी झाली. त्याच गावात आम्ही प्रभातफेरीला बँड घेऊन गेलो होतो. फेरी संपली, स्मारकापुढे सगळे उभे राहिले, शहीद जवानाची आई पुढे खुर्चीवर, आणि लास्ट पोस्ट कुणाच्या तरी मोबाईलवरून स्पीकरला लावलेला. निम्म्यातच त्या मोबाईलवर फोन आला आणि अख्ख्या मैदानावर रिंगटोन वाजली. कुणी हसलं नाही की बोललं नाही. आजींनी नुसता पदर सारखा केला आणि खाली बघत राहिल्या. माझ्या हातात ट्रम्पेट होता आणि मला लास्ट पोस्ट वाजवता येत नव्हता, ते फार लागलं मनाला.

देवळाली कॅम्पला एक रिटायर हवालदार आहेत, फौजेच्या बँडमध्ये होते. आपल्याकडे रिटायर झालेला कुठलाही फौजी मेजरच असतो तसे तेही सगळ्यांचे मेजर. पाडव्याला पेढे घेऊन गेलो आणि सरळ सांगितलं, मला लास्ट पोस्ट शिकवा. ते म्हणाले, आधी बिगुल समजून घे मग बघू.

बिगुलाला काहीच नसतं हो. ट्रम्पेटला तीन पिस्टन, म्हणजे सूर बदलायला दाबायच्या कळा, बिगुलाला एकही नाही, भोकं नाहीत, नुसती वळवलेली नळी, आपल्या तुतारीसारखंच. सूर काढायचा तो ओठांनी आणि दमाने. कामाला येणारे सूर पाचच : सा, प, वरचा सा, ग आणि त्याच्या वरचा प. रे नाही, म नाही, ध-नि नाही. या पाच सुरांवर फौजेचा अख्खा दिवस चालायचा. उठायचा कॉल वेगळा, जेवणाचा वेगळा, रात्री दिवे बंद करायचा वेगळा. मेजर म्हणाले की पूर्वी लढाईत हुकूमसुद्धा बिगुलावरच जायचे, म्हणून सूर असा पाहिजे की लांब उभ्या असलेल्या जवानाला शंका यायला नको.

पहिले आठ दिवस फक्त माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा सुटा तुकडा. बिगुल टेबलावर ठेवलेला आणि मी तोंडाने नुसती भुणभुण करतोय. मग एकच सूर, खालचा प, दम संपेपर्यंत धरायचा. मला वाटलं हे तर मी झोपेत करीन. मेजर टेबलावर बोट ठेवून बसले, सूर जिथे हलेल तिथे टक करायचे. पहिल्याच दमात अकरा वेळा टक झालं. बारा वर्षं वरातीत वाजवून माझ्या ओठांना सवयच लागलेली, प्रत्येक सुराला थोडी मुरकी, थोडं हलवणं, शेवटी जरा वर ओढून सोडणं. लग्नात लोकांना तेच आवडतं आणि त्यात वाईट काही नाही, पण इथे ते चालत नाही. हे सुटायला मला दोन महिने लागले. बरं त्यात लग्नसराई, रात्री वरातीत मुरक्या घ्यायच्या आणि सकाळी सहाला दारणेच्या काठावर जाऊन सरळ सूर धरायचा, मे महिन्यात तर वरचा ओठ सुजून पाणी पितानासुद्धा दुखायचं. मामाने दोन तारखा दुसऱ्या पोराला दिल्या तेव्हा जरा आराम मिळाला.

बिगुल मी मेरठहून मागवला, तिथल्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनवणारे खूप आहेत. आला तेव्हा मेजरनी आधी माउथपीसच्या कडेवरून नख फिरवून बघितलं, कुठे खरखर असली तर ओठ फाटतो म्हणून.

मधल्या काळात मेजरकडून बाकी गोष्टी कळत गेल्या. लास्ट पोस्टमधलं पोस्ट म्हणजे टपाल नाही, चौकी. जुन्या काळी ब्रिटिश फौजेत रात्री अधिकारी पहाऱ्याच्या चौक्या तपासत फिरायचा, सोबत बिगुलवाला, आणि शेवटची चौकी झाली की हा कॉल वाजायचा, म्हणजे आता सगळं ठीक आहे, झोपा. पुढे तोच कॉल गेलेल्या जवानासाठी वाजायला लागला. हे ऐकल्यावर मला तो वेगळाच ऐकू यायला लागला. दुसरं म्हणजे फौजेतला बँडवाला नुसता बँडवाला नसतो, लढाई लागली की तो स्ट्रेचर उचलतो, जखमींना मागे आणतो, आणि त्याचं ट्रेनिंग त्यांना असतं. दिल्लीला 29 जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप, होतं, तिन्ही दलांचे बँड असतात, शेवटी मुख्य कंडक्टर राष्ट्रपतींसमोर जाऊन बँड परत न्यायची परवानगी मागतात. मेजरनी तो व्हिडिओ लावला आणि फक्त बिगुलवाले दिसले तिथे थांबवला, म्हणाले, खांदे बघ यांचे, कुणाचा श्वास घेताना वर जातोय का? एकाचाही जात नव्हता.

त्यांचा एक नियम होता, कॉल पूर्ण वाजवायचा नाही. सराव तुकड्या-तुकड्यांनी, पूर्ण फक्त त्या दिवशी. जून संपत आला तरी मी तो सलग एकदाही वाजवला नव्हता आणि मला धडकी भरायची.

पण खरी अवघड गोष्ट कॉल नाहीच. लास्ट पोस्ट जेमतेम सव्वा-दीड मिनिटाचा, नंतर दोन मिनिटं स्तब्धता आणि मग राउज, म्हणजे उठवायचा कॉल. या दोन मिनिटांत ओठ थंड पडतात, तोंड कोरडं होतं, आणि राउजचा पहिला सूर तर एकदम स्वच्छ यायला पाहिजे, चाचपून बघायची सोय नाही. मेजरनी हे रोज करून घेतलं, शेवटची तुकडी वाजव, बिगुल मांडीशी घे, दोन मिनिटं उभा राहा, हलू नको, मग पहिला सूर. दहातले सात वेळा फुटायचा. मग त्यांनी सांगितलं, स्तब्धतेत नाकाने श्वास घे, ओठ आतून ओले ठेव, आणि शेवटच्या पंधरा सेकंदांत तो सूर डोक्यात ऐकत राहा, मग बिगुल उचल. ही एक गोष्ट कुठल्याही फुंकीच्या वाद्यवाल्याने लिहून ठेवावी.

26 जुलैला सकाळपासून रिमझिम. थंड धातू सुराला खाली उतरवतो म्हणून बिगुल रेनकोटच्या आत पोटाशी धरला आणि माउथपीस मुठीत. आजी त्याच खुर्चीवर, कुणीतरी मागे छत्री धरलेली. माजी सैनिकांची रांग, मेजर टोकाला, छातीवर मेडल लावून. इशारा झाला आणि मी सुरू केलं. मध्ये एका ठिकाणी वरचा प जरा बारीक आला, मला कळलं, बाकी सरळ गेलं. मग ती दोन मिनिटं. पत्र्यावर पाऊस पडतोय आणि लांब हायवेवर ट्रक, एवढंच ऐकू येत होतं, आणि मी डोक्यात तो सूर धरून उभा. राउजचा पहिला सूर आला तसा आला, एकदम मोकळा. समोर आजी बसल्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या.

कार्यक्रम झाल्यावर मेजर जवळ आले. शाबासकी वगैरे काही नाही, माझ्या हातातून बिगुल घेतला, माउथपीस काढला, नळी उलटी करून आतलं पाणी झटकलं आणि खिशातल्या रुमालाने पुसून परत दिला. म्हणाले, पाणी राहिलं तर आतून हिरवं पडतं, घरी गेल्यावर कोमट पाण्याने धू. आणि सोमवारी ये, तो वरचा प बघू.