अर्धा एकर आलं आणि मार्चचा हप्ता

आमच्या साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यात आल्याचा भाव कुणी किलोवर सांगत नाही, गाडीवर सांगतात. गाडी म्हणजे 500 किलो. 2023 च्या पावसाळ्यात हीच गाडी 50 हजारांच्या वर गेली आणि ज्यांनी जन्मात आलं लावलं नव्हतं त्यांच्या घरातही लागणीचं बोलणं सुरू झालं. आमच्याही झालं. मालक, म्हणजे माझे यजमान, वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. त्यांचाच फोन आला, पुढच्या अक्षय्य तृतीयेला अर्धा एकर लावूया म्हणून.

अर्ध्या एकराला बेणं, म्हणजे लावायचे कंद, लागतं साधारण एक गाडी. बाजार चढला की बेणंही चढतं. जुन्या बागायतदाराचं बेणं घरचं असतं. तेजी बघून नव्यानं शिरणारा मात्र लागणीआधीच सगळ्यात महाग माल विकत घेतो. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचे सभासदही तेच. त्यांचं पीककर्ज ठिबक, शेणखत आणि गादीवाफ्यांत संपलं. बेण्यासाठी मी बचत गटातून कर्ज काढलं. औषधं उधारीवर आणली, आणि उधारीचा दर रोखीपेक्षा चढा असतो हे गावात कुणाला सांगायला नको.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडेना. काही पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मला वाटलं खत कमी पडलं असेल. पैऱ्यानं, म्हणजे एकमेकींच्या रानात बिनमजुरीनं राबायच्या रीतीनं, भांगलायला (तण काढायला) आलेल्या शेजारच्या आत्यांनी एक खोड नुसतं ओढलं, तर ते कंदापासून सुटून हातात आलं. बुडाशी पाणचट, कुजका वास. "अगं, ही कंदकूज. आधी चर काढ, पाणी जाऊ दे. औषध मग," म्हणाल्या. त्याच दुपारी चर काढले, दुसऱ्या दिवशी आळवणी केली, म्हणजे बुडाशी औषधाचं पाणी ओतलं, म्हणून रोग दोन वाफ्यांवर थांबला. हे आधी बायकांनाच दिसतं, कारण वाफ्यात दिवसभर वाकून त्याच असतात. लागण, भांगलण, भर लावणं, काढल्यावर माती झाडून निवडणं, सगळं त्यांच्या हातचं. तरी गावात मजुरी बाईला तीनशे आणि गड्याला पाचशे. हे मला पटत नाही. पैरा नसता तर ती मजुरीही मला झेपली नसती. सगळे वाफे कुजलेच असते तर भरपाई कुठली? खरिपाच्या पीकविम्यात सोयाबीन आहे, भुईमूग आहे, आलं नाही.

पीक चांगलं आलं. भाव तेवढा राहिला नाही. 2025 च्या मार्चमध्ये बांधावर आलेल्या व्यापाऱ्यानं गाडीला 12 हजार सांगितले.

खरं तर आलं लगेच काढावंच लागतं असं नाही. नऊ-दहा महिन्यांत तयार होतं, पण भाव नसेल तर दीड वर्षापर्यंत जमिनीत ठेवता येतं. ज्याच्या घरात पगार आहे, उसाचं बिल येतं, तो थांबतो. आमचं सगळं 31 मार्चवर अडलेलं. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तरच व्याज माफ, शिवाय गटाचा हप्ता. व्यापाऱ्यालाही मार्च माहीत असतो. आल्याचं गणित इथं ठरतं, पीक किती आलं यावर नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

मालक फोनवर म्हणाले, "सगळं काढू नकोस. इकडे रोज माल साचतोय." निम्मं काढलं, पाच गाड्या भरल्या. आलेल्या 60 हजारांत सोसायटीचं भागलं नाही. उरलेल्यासाठी मालकांनी उचल घेऊन पैसे पाठवले. राहिलेलं पावसाळ्यापुढं नेण्यातही धोका असतो. नवे फुटवे येतात, मग काढणीला जुनं आणि नवं वेगळं करून नव्याला पाडून भाव देतात. म्हणून न कुजलेल्या वाफ्यांतलं निवडून बेण्याला ठेवलं, बाकीचं थोडं थोडं विकलं.

यंदा लागण दहा गुंठेच केली, घरच्या बेण्यावर. त्याच रानात पुन्हा आलं घेतलं तर कंदकूज सोडत नाही, म्हणून शेजारचं रान खंडानं घेतलं आणि जुन्या रानात सोयाबीन टाकलं. सासऱ्यांशी बोलून थोडी जमीन माझ्या नावावर करायचंही ठरवलं आहे. माझ्या नावावर सातबारा झाला की सोसायटीची सभासद होता येईल आणि पुढच्या लागणीचं कर्ज माझ्या सहीनं निघेल.