डग्ग्यावर रुसणारा अँप : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत स्पीकर जुळे सोलापूरच्या घरी वरच्या खोलीत चढवले, इथपर्यंत आलो होतो. त्यानंतर तीन आठवडे रोज एकच खेळ. तबला असो की पखवाज, आवाज जरा मोकळा सोडला आणि डाव्या हाताचा घुमारा आला की रिसीव्हरमधून (माझा अँप, म्हणजे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर, याच डब्यात आहे) 'टक्', आणि काचेवर 'प्रोटेक्ट', म्हणजे स्वतःला वाचवायला अँप बंद. आई तर जिन्यातूनच विचारायची, "तुझं ते परत रुसलं का रे?"

रिसीव्हरवर 80 वॅट लिहिलंय, तेही 8 ओहमला. माझे स्पीकर जुने युरोपियन थ्री-वे टॉवर. पाठीवर 4 ओहम (विजेला होणारा अडथळा, म्हणजे इम्पीडन्स; तो जितका कमी तितका अँपकडून करंट जास्त), कागदावर ठराविक विजेला निघणारा आवाज 86 डीबी. हा 86 मी दोन वर्षं चुकीचा वाचत होतो. तो 2.83 व्होल्टला दिलेला आहे. 2.83 व्होल्ट म्हणजे 8 ओहमला 1 वॅट, पण 4 ओहमला 2 वॅट. वॅटमागे मोजायचं तर हातात 83च पडतात. म्हणजे एवढ्याच आवाजासाठी दुप्पट ताकद मोजा. बरं, हे फसवणूक वगैरे नाही, कागदावर सगळं लिहिलेलं होतं, वाचलं कुणी?

मग अंदाज बांधणं थांबवून मोजायला बसलो. लॅपटॉप, यूएसबी साउंडकार्ड, 100 ओहमचा एक रेझिस्टर आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर. एवढ्यात कुठल्या सुराला इम्पीडन्स किती, याचा आलेख निघतो. दोन्ही स्पीकरचा आलेख जवळपास सारखा आला, त्यामुळे जोडणी चुकली नसावी असं धरलं. तर 110 हर्ट्झच्या आसपास खड्डा आहे 2.9 ओहमचा. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाप्रमाणे स्पीकरचा इम्पीडन्स नाममात्र, म्हणजे पाठीवर लिहिलेल्या, आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे 4 ओहमवाल्यानं 3.2च्या खाली उतरू नये. आमचे साहेब उतरतात. आणि नेमका तिथेच डग्गा बोलतो. (अपोजी सिंटिला या 1 ओहमच्या स्पीकरवाल्यांनी हसू नये, तो विकत घेणाऱ्यांची जात वेगळी.)

खड्ड्यापेक्षाही त्याच्या शेजारचा उतार वाईट निघाला. 85 हर्ट्झला इम्पीडन्स 3.6, पण फेज (करंट आणि व्होल्टेज यांच्या लाटांमधलं अंतर) उणे 40 अंश. म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे पळतो. साध्या रेझिस्टरवर करंट शिखरावर असतो तेव्हा व्होल्टेजही शिखरावर असतं, त्यामुळे एबी क्लासच्या, म्हणजे नेहमीच्या पद्धतीच्या, अँपमधल्या ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या अंगावर थोडंच व्होल्टेज उरतं. इथे मात्र करंट भरपूर आणि स्पीकरवरचं व्होल्टेज कमी, अशी वेळ येते. उरलेलं सगळं व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्या अंगावर. मी वहीत हिशोब करून पाहिला. 40 अंशांच्या फेजला ट्रान्झिस्टरमध्ये जळणाऱ्या ताकदीचं शिखर रेझिस्टरच्या अडीच पटीहून जास्त होतं. म्हणजे अँपला हा 3.6 ओहमचा स्पीकर दीडच्याही खालचा भासतो. रिसीव्हर रुसणार नाही तर काय करेल!

आता मला खरी किती ताकद लागते? यासाठी जी युक्ती केली ती सगळ्यांनी करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. आवडता तुकडा लावून आवाज आपल्याला सहन होईल तितका वर न्यायचा आणि नॉबला हात लावायचा नाही. स्पीकरच्या वायरी काढायच्या आणि 60 हर्ट्झची उणे 12 डीबीवर बनवलेली साइन वेव्ह लावून टर्मिनलवर मल्टीमीटर एसीला धरायचा. 60 हर्ट्झ यासाठी, की स्वस्त मीटर तिथेच भरवशाचा. माझा मीटर 4.6 व्होल्ट बोलला. 12 डीबी म्हणजे व्होल्टेजच्या चार पट, तर पूर्ण पातळीला 18.4 व्होल्ट. आता गंमत बघा. 18.4 व्होल्ट म्हणजे 8 ओहमला फक्त 42 वॅट! रिसीव्हरचे 80 वॅट म्हणजे 25 व्होल्ट, म्हणजे व्होल्टेज त्याच्याकडे मुबलक होतं. पण तेच 18.4 व्होल्ट 2.9 ओहमवर 117 वॅट मागतात आणि शिखराला 9 अँपिअर. तिथे त्याचा श्वास कोंडतो. इतके दिवस मी 'दोनशे वॅट, तीनशे वॅट' शोधत फिरत होतो. हवा होता 42 वॅटचाच अँप, पण 9 अँपिअर देऊन न दमणारा.

पहिला उमेदवार मंडपवाल्या मित्राकडून. "वॅटच पाहिजेत ना तुला? घे की बे, गणपतीपर्यंत मोकळाच पडलाय." 2 ओहमला चालणारा पीए अँप, म्हणजे मंडपातल्या कर्ण्या-स्पीकरांसाठीचा. ताकदीबद्दल तक्रार शून्य, डग्गा असा वाजला की खिडकीची काच बोलली. पण पंखा! बारा बाय सोळाच्या खोलीत रात्री तानपुरा लावला तर तानपुऱ्याआधी पंखा ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी परत.

दुसरा, टीपीए3255 या अँपच्या चिपचा छोटा डबा. जाहिरातीत 'तीनशे अधिक तीनशे', सोबतचा अडॅप्टर 48 व्होल्ट 5 अँपिअर, म्हणजे 240 वॅट. त्यातून सलग सहाशे कसे निघणार, हे जाहिरात लिहिणाऱ्याला विचारा. तरी खरं सांगतो, माझ्या पातळीला करंट पुरला, एकदाही बंद पडला नाही. अडचण वरच्या टोकाला. फीडबॅक (चूक सुधारायला बाहेरचा आवाज परत आत नेऊन पडताळणं) बाहेरच्या फिल्टरच्या आधीच घेतला असल्यानं स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, बदलते. माझ्या 4 ओहमला सतारीच्या जव्हारीवरची चमक थोडी मिटली. तो आता टेबलावर लहान स्पीकरसोबत सुखात आहे.

तिसऱ्यात मात्र जीव अडकला. होटगी रोडच्या एका काकांचा 24 किलोचा एबी क्लास पॉवर अँप, 8 ओहमला 100 आणि 4 ओहमला 200 वॅट. "आठवडाभर ठेवा, पण कंबर तुमची," म्हणाले. आवाज मऊ, भरीव, डग्ग्याची मींड सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवलेली. घ्यायचाच, असं ठरलंही होतं. मग आला एप्रिलचा रविवार. स्लॅबखालच्या खोलीत दुपारी 41 अंश. दीड तासानं हीटसिंकला थर्मामीटर लावला तर 71. रिकामा बसला तरी हा गडी 70 वॅट खातो, म्हणजे कूलरसमोर शेगडी. संध्याकाळी घरातल्या विजेचं व्होल्टेज 230वरून 208वर येतं तो हिशोब वेगळाच. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपमध्ये आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडतं, म्हणजे कमाल ताकद 18 टक्के कमी. ती मला परवडली असती, उष्णता नाही. काकांना मे महिन्याचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही डिसेंबरातच ऐकतो."

शेवटी पुण्याच्या एका हौशी माणसाकडून हायपेक्स कंपनीच्या एनसी252एमपी मॉड्यूलचा (त्यांच्या एनकोर तंत्राचा) तयार अँप घेतला. 4 ओहमला चॅनलमागे 250 वॅट. क्लास डी, त्यामुळे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. फेजच्या उताराचा तो मार त्याला बसत नाही. शिवाय एनकोरमध्ये फीडबॅक फिल्टरच्या नंतर घेतलेला असल्यानं स्पीकर कुठलाही असो, ट्रेबल जागची हलत नाही. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये मांडीवर ठेवून आणला. 24 किलोची आठवण काढत.

रिसीव्हरच्या प्री-आउटवर (त्याचा स्वतःचा अँप वगळून बाहेर आवाज देणारा खटका) जोडून बारा दिवस झाले. 4.6 व्होल्टची तीच पातळी, तोच पखवाज, दुपारी तासभर, झाकण कोमट. काकांच्या अँपचा मऊपणा यात नाही, हे कबूल. तो मऊपणा खरा होता की त्या वजनाचा मान राखून मी ऐकत होतो, ते झाकून ऐकल्याशिवाय सांगत नाही. मागच्या भिंतीवर आईच्या दोन जाड सोलापुरी चादरी टांगल्यात, त्यानं टाळीचा खणखणाट कमी झाला. खालच्या सुरांना चादरीचं सोयरसुतक नाही.

एक नवं दुखणं निघालंय. रिसीव्हर दोन पिनांचा होता, हा अँप तीन पिनांचा, आणि आता बारीक घुं ऐकू येतं. सेट-टॉप बॉक्सची केबल उपसली की गायब. म्हणजे अर्थचा फेरा (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्यानं होणारी गुणगुण) तिकडून येतोय. मंडपवाला म्हणतो, "अर्थची पिन काढून टाक की." ते मी करणार नाही, तुम्हीही करू नका. केबलला लावायचा आयसोलेटर, म्हणजे तिकडून येणारी अर्थची वाट तोडणारा डबा, मागवलाय. तोवर क्रिकेट खालच्या टीव्हीवर.