बंब आतून साफ केला का कधी?

गावाकडं फलटणच्या बाजूला आमच्या घरी आजीचा तांब्याचा बंब अजून रोज पेटतो. सोलर बसवलाय पण पावसाळ्यात आणि थंडीच्या पहाटे बंबाशिवाय भागत नाही. यंदा दिवाळीच्या आधी गेलो तर आई म्हणाली, अरे पाणी तापायला लई वेळ लागतोय, आधी अर्ध्या तासात व्हायचं आता तास होतो आणि कोळसा पण दुप्पट जातोय. बंब बाहेरून चकाचक, दर सणाला चिंच-मीठ लावून घासलेला, त्यामुळं खराबी आत असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बंबाच्या मधोमध उभी नळी असते, वरून तिच्यात कोळसा टाकायचा, खाली जाळी, जाळीतून राख खाली पडते आणि तिथूनच हवा वर ओढली जाते, आणि नळीच्या भोवती सगळं पाणी. म्हणजे जी काय उष्णता पाण्याला मिळते ती त्या नळीच्या पत्र्यातूनच. आमच्या पत्र्याला आतून बोटभर काजळी आणि पाण्याच्या बाजूनं विहिरीच्या जड पाण्याचे क्षार, मग पाणी तापणार कसं!

रात्रभर थंड होऊ दिला, सकाळी रिकामा करून अंगणात नेला. जाळीची निम्मी भोकं बुजलेली, ती खिळ्यानं मोकळी केली, नुसत्या तेवढ्यानंच हवा खेळायला लागली. काजळी आमच्याकडं चिकट निघाली कारण करवंट्या आणि ओलं लाकूड जास्त जाळलं होतं, लाकडी कोळशाची एवढी धरत नाही. तारेचा ब्रश मी वापरत नाही, पत्रा जुना आणि पातळ झालाय, त्यापेक्षा नारळाच्या शेंडीचा घट्ट जुडगा काठीला बांधून वरून खाली फिरवला, तोंडाला ओलं फडकं बांधून. दगडी कोळसा मात्र बंबात घालूच नका, त्यातल्या गंधकानं तांबं काळं पडतं आणि धुराचा वास घरभर बसतो.

क्षारांसाठी बंबात कोमट पाणी भरून त्यात दोन वाट्या लिंबूसत्व टाकलं. आत बारीक फसफस ऐकू येते, म्हणजे चुना विरघळतोय. दोन तासांनी तोटी सोडली तर पांढरे पापुद्रे आणि हिरवट निळं पाणी आलं. तो हिरवा रंग तांब्याचा, म्हणून हे रात्रभर ठेवायचं नाही, आंबट पाणी पत्राही खातं. नंतर चार वेळा स्वच्छ पाण्यानं विसळला आणि ते पाणी गुरांना लागणार नाही असं लांब ओतलं.

दोन गोष्टी आमच्या घरात प्रत्येक पोराला शिकवल्या जातात. पाणी नसताना बंब पेटवायचा नाही. तांबं वितळायला 1085 अंश लागतात पण सांध्याचा डाख म्हणजे कथील-शिसं, ते 200 अंशांच्या आसपासच सुटतं, आमच्याकडं एका लग्नात पाहुण्यानं न बघता पेटवला आणि तोटीचा सांधा उघडला तो असाच. आणि बंद न्हाणीघरात तर पेटवायचाच नाही, कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. कृपया हे हलक्यात घेऊ नका. आमचा पडवीत असतो, पाणी बादलीनं आत न्यायचं.

नरक चतुर्दशीला पहाटे आईनं बंबाला झेंडूची माळ घातली, पेटवला, आणि मी घड्याळ लावून बसलो, पस्तीस मिनिटांत हात लावायला नको असं पाणी. आई काही बोलली नाही, राहिलेला कोळसा परत पोत्यात टाकला. तोटीच्या त्या जुन्या सांध्यातून अजून थेंब थेंब गळतंय. गावात डाख देणारं आता कुणी उरलं नाही, त्यामुळं पुढच्या महिन्यात बंब गाडीत घालून पुण्याला कसब्यातल्या तांबट आळीत नेतोय.