कंठ फुटला तेव्हा

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५. रात्रीचे साडेअकरा.

दुपारी पोट्टा गॅदरिंगच्या तालमीवरून आला तो थेट आतल्या खोलीत. धाडकन दार लावलं. जेवायला हाक मारली तर आतूनच, "नाही जेवत." त्या दोन शब्दांतला पहिला खर्जात होता, दुसरा तार सप्तकात. आई ओट्यापाशी संत्री सोलत बसली होती, ती हसली. "कंठ फुटून राहिला बाप्पा त्याचा. काहून मागं लागता, बसू द्या की."

संध्याकाळी हिच्याकडून कळलं ते असं. समूहगीतात मधल्या कडव्याच्या दोन ओळी एकट्याने म्हणायला याला दिल्या होत्या. वरच्या सुरावर गेला आणि आवाज फाटला. पोट्टे हसले. बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा फाटला. मग यानेच सांगितलं की माझं नाव काढा. ही म्हणाली, "तू बोल ना त्याच्याशी. तू गायचास ना लहानपणी." मी बरं म्हटलं आणि चक्कर मारायला फुटाळा तलावावर निघून गेलो.

बोलणार काय? माझ्याकडे सांगण्यासारखं असतं तर मी आज गात असतो.

१९९८चा गणेशोत्सव, नागपूरचं लक्ष्मीनगर, आमच्या कॉलनीचा मांडव. मी चौदा वर्षांचा. आठवड्यातून दोनदा सायकलने महालात गुरुजींकडे शिकायला जायचो. काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत, गायचो आणि त्याचा मला माज होता. त्या दिवशी अभंगाच्या शेवटच्या चरणात तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावायला गेलो आणि गळ्यातून जे निघालं त्याला सूर म्हणता येत नाही. कोंबड्याला कोणी पाय दिला तर निघेल तसं काहीतरी. हसणारे सगळे ओळखीचेच होते, म्हणून जास्त लागलं. गुरुजी म्हणाले होते, "वर्षभर गळ्याला आराम दे, मग खालच्या पट्टीत बसवू." मी आराम दिला. सत्तावीस वर्षं झाली, चालूच आहे.

फुटाळ्यावरून आलो आणि माळ्यावरचा खोका काढला. त्यात हॅन्सन या बँडची कॅसेट सापडली. रीळ चिकटलंय, आणि वाजवायला घरात टेपही नाही. पण हातात धरून बसलो बराच वेळ. मग मोबाईलवर लावलं आणि एक एक करत सगळेच अल्बम ऐकत गेलो, आता साडेअकरा वाजले.

ज्यांनी नव्वदच्या दशकात केबल पाहिली त्यांना हे तिघे भाऊ आठवतील. आयझॅक, टेलर आणि झॅक. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावचे. १९९७ साली 'म्मबॉप' हे गाणं आलं तेव्हा थोरला सोळाचा, मधला चौदाचा आणि ड्रम बडवणारा धाकटा अकराचा. मी तेरा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान पोरगा टीव्हीवर जगाला नाचवून राहिला होता आणि मी बीजगणितात नापास होऊन राहिलो होतो. कूलरच्या घरघरीत टीव्ही ऐकू यायचा नाही म्हणून गाणं लागलं की मी कूलर बंद करायचो, आणि बाबा घामाघूम होऊन ओरडायचे. त्या तिघांचे खांद्यापर्यंतचे केस पाहून त्यांनी एकदाच विचारलं होतं, "हे पोट्टे आहेत का पोट्ट्या?" ही शंका तेव्हा अर्ध्या जगाला होती. बर्डीतून कॅसेट आणली ती दिवाळीच्या पैशांतून. दुकानदाराने नाव तीनदा विचारलं.

ध्रुवपदातल्या बोलांना अर्थ नाही हे तेव्हाच कळलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. तराण्यातल्या 'तनन देरेना'ला तरी कुठं अर्थ असतो? कडव्यांतलं इंग्रजी मात्र ते इतक्या घाईत म्हणायचे की एक शब्द पकडता यायचा नाही. आज एकेचाळिसाव्या वर्षी शब्द समोर ठेवून ऐकलं आणि उठून बसलो. गाणं आहे माणसं सुटून जाण्याबद्दल! आयुष्यात इतके लोक भेटतात, त्यातले एकदोनच टिकतात, म्हातारे होऊन केस गळतील तेव्हा कोण उरलं असेल, तू सांगू शकतोस का, असं विचारतंय ते. लावलेल्या बियांतली कुठली उगवेल हे ठाऊक नाही, असंही. आणि तो अर्थ नसलेला शब्द म्हणजे निमिषमात्र, चुटकीसरशी सरून जाणारा वेळ. हे लिहिलं तिघा भावांनीच, झॅक जेमतेम दहाचा असेल तेव्हा. मी ते ऐकत कॉलनीत क्रिकेट खेळायचो. आता केस गळालेत, आणि त्या टीममधल्या अकरापैकी माझ्या फोनमध्ये दोघांचे नंबर आहेत.

लोक म्हणतात, पोरवयात चिल्लर गाणी केली, मोठेपणी शहाणे झाले. या पोरांच्या बाबतीत ते खरं नाही. शहाणपण पहिल्यापासून होतं, चाल इतकी नाचरी होती की कोणी तिकडे पाहिलंच नाही. या गाण्याचं आधीचं रूप, १९९६ साली त्यांनी स्वतःच काढलेल्या अल्बममधलं, बरंच संथ आहे. ते ऐकलं की उदासी लगेच कळते. पुढे मोठ्या कंपनीच्या निर्मात्यांनी लय वाढवली, ताल चमकवला आणि ते जगभर गेलं. मला विचाराल तर दोन्ही बरोबर आहेत. संथ गाणं आमच्या केबलवर कोण लावणार होतं?

त्यांचं शिक्षणही वेगळंच. वडिलांच्या तेलाच्या क्षेत्रातल्या नोकरीमुळे घर वर्षभर व्हेनेझुएला, एक्वाडोर, त्रिनिदाद असं फिरलं. सोबत पन्नास-साठच्या दशकातल्या रॉक-अँड-रोलच्या कॅसेट होत्या, आणि पोरं त्याच त्याच ऐकत राहिली. चक बेरी, लिटल रिचर्ड, ओटिस रेडिंग. शाळा घरीच. म्हणजे बाकीचे ज्या वयात वर्गातल्या पोरांना काय आवडतं ते पाहून आवडी ठरवतात, त्या वयात यांच्या कानावर आजोबांच्या काळातलं संगीत. आमचे गुरुजी पहिली दोन वर्षं भूप सोडून काही शिकवायचे नाहीत, ते आठवलं. १९९२ साली टल्सातल्या एका कलामहोत्सवात ते वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर गायले. वाद्यं नंतर आली. म्हणूनच तीन आवाज एकमेकांत असे बसतात.

१९९८च्या ग्रॅमीत तीन नामांकनं, मिळालं एकही नाही. पण मला आज रात्री रस आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. मुख्य गायक टेलर. मूळ गाणं पांढरी सहामधलं, आणि त्याचा तो पोरगेला, टिपेचा आवाज म्हणजेच ते गाणं, असं जगाने ठरवून टाकलेलं. आणि नेमका त्याच सुमारास त्याचा कंठ फुटला. मी एका मांडवात शेदीडशे लोकांपुढे लाजलो तर पुन्हा तोंड उघडलं नाही. त्याच्यापुढे तर जग होतं. त्याने काय केलं? पट्टी उतरवली. पुढच्या मैफलींत तेच गाणं खाली घेऊन गायला लागला. इतकंच. एवढं साधं उत्तर असू शकतं हे सत्तावीस वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही. गुरुजींनी सांगितलं होतं तरी.

दुसरा अल्बम २००० साली आला. तो मी कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर ऐकला होता. आज पुन्हा ऐकला. आवाज जाडसर, गिटारी जोरात, जॉनी लँगसारखा ब्लूज गिटारवाला पाहुणा. चांगला आहे, पण 'आम्ही मोठे झालो, बघा' हे जरा जास्तच सांगतो. सोळाव्या वर्षी मिशीची लव कोरून फिरणाऱ्या पोट्ट्यांसारखं. खपला कमी. तोवर त्यांची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली होती आणि नव्या मालकांना या तिघांचं काय करायचं ते उमगत नव्हतं.

मग जे झालं ते एखाद्या सरकारी फायलीसारखं. तिसऱ्या अल्बमसाठी गाणी लिहायची, कंपनीत दाखवायची, परत यायची. ऐंशीच्या वर गाणी अशी परत आली. या सगळ्यावर पुढे त्यांनी माहितीपटच काढला. २००३ साली त्यांनी कंपनी सोडली आणि स्वतःची काढली. नाव थ्री सीजी, म्हणजे तीन गाड्यांचं गॅरेज. पोरवयात घरच्या ज्या गॅरेजमध्ये तालीम करायचे तेच. २००४चा 'अंडरनीथ' तिथून निघाला आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या स्वतंत्र अल्बमांच्या यादीत पहिला आला.

हा माझा आवडता. यात ते कोणाला काही सिद्ध करून दाखवत नाहीत. पहिल्या अल्बमात बॅरी मॅन, सिंथिया वाइल, डेस्मंड चाइल्ड अशा मुरलेल्या गीतकारांचे हात होते. इथंही गायक-गीतकार मॅथ्यू स्वीटसारखे सोबती आहेत, पण आता सोबत कोणाला घ्यायचं ते भाऊ ठरवतात. गाडी, रात्रीचा रस्ता, रेडिओ, शेजारी एक मुलगी, एवढ्यावर एक आख्खं गाणं आहे. पंधराव्या वर्षी ते लिहिता येत नाही. लायसन्स नसतं म्हणून नव्हे. रस्ता संपू नये असं वाटायला आधी काही रस्ते संपलेले असावे लागतात.

२००७च्या अल्बमात दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोतल्या मुलांचा समूहस्वर आहे, एड्सच्या कामासाठी मदत आहे, आणि मैफलीआधी चाहत्यांबरोबर मैलभर अनवाणी चालणं आहे. कळवळा खरा, पण गाणी काही ठिकाणी भाषणाकडे झुकतात. २०१०चा त्याहून मोकळा. बास गिटारवर मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीच्या जुन्या ताफ्यातले बॉब बॅबिट, आणि पितळी वाद्यं अशी की वरातीतले बँडवाले मान डोलावतील. २०१३ साली त्यांनी बिअर काढली आणि तिचं नाव त्याच जुन्या गाण्यावरून कोटी करून ठेवलं. मला हे फार आवडलं. ज्या गाण्याने आयुष्यभर छळलं असेल त्याच्याशी असं हसून वागायचं.

२०१८ साली वाद्यवृंदाबरोबर जुनी-नवी गाणी नव्याने बांधली, त्यातही ते आहेच. चाळिशीकडे आलेले तीन बाप तेच गाताहेत, खालच्या पट्टीत, आणि आता केस गळण्याची ती ओळ अंगावर येते. २०२२चा अल्बम तर वाटणीपत्रच. लाल, हिरवा, निळा, तीन भाग, प्रत्येक भावाचा एक. आमच्याकडे वाटण्या झाल्या की लोक मोजणीवाल्याला बोलावतात. यांनी वाटण्या करून एकाच तबकडीवर ठेवल्या. दादाला हे व्हॉट्सॲपवर पाठवावंसं वाटलं. पाठवलं नाही.

बारा वाजून गेले. थंडी वाजून राहिली आहे. पोट्ट्याच्या खोलीत अजून लाईट आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर.

बोललो शेवटी. म्हणजे बोललो नाही फारसं. सकाळी तर्री-पोहे खायला स्कूटरवर नेलं आणि येताना थांबून मोबाईलवर दोन तुकडे ऐकवले, १९९७चा आणि २०१८चा. त्याने दोन्ही ऐकले, तोंडातला चना संपवला.

"हा तोच आहे?"

"तोच."

"मग आधी पोरगी वाटत होता."

आजोबांचा नातू.

मग मी मांडवाचं सांगितलं. कोंबड्याचं पण. तो इतका हसला की मागच्या टपरीवरचे लोक वळून पाहायला लागले. हसतानाही त्याचा आवाज मध्येच घसरत होता आणि त्यावरून तो आणखी हसत होता.

"तू मग गायलाच नाहीस?"

"नाही."

"कधीच?"

स्कूटर सुरू केली.

संध्याकाळी घरी आलो तर दिवाणाखालची पेटी बाहेर काढलेली, वरची चादर आईने झटकून दोरीवर टाकलेली. पोट्टा भात्यावर हात ठेवून बसलेला. "बाबा, समूहगीत काळी चारमध्ये आहे. काळी एक घेतली तर मला जमतं का बघ." मी शेजारी बसलो. काळी एक दाबली तर नुसती हवा. खालच्या सप्तकातली पण तीच, फुस्स. सूर अडकलाय, किंवा झुरळांनी काम केलंय. पांढरी एकवर बसवून पाहिलं, त्याला जरा खाली जातं. आईने आतून सांगितलं, "पहिले ते दुरुस्त करून आणा ना."

शनिवारी महालात नेतो. गुरुजींच्या गल्लीच्या तोंडाशी एक पेटीवाले बसायचे, ते अजून आहेत का पाहावं लागेल.