वाचननोंद : अर्थसी, खडूच्या टेकड्या आणि खोटे ऐकून वाढणारे झाड

अर्थसी मालिका पुन्हा पहिल्यापासून वाचण्याचा बेत मागच्या नोंदीत जाहीर केला होता. तो बराचसा तडीस गेला आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या, बेटांच्या काल्पनिक जगात घडणाऱ्या या मालिकेतील पहिली चार पुस्तके वाचून झाली असून पाचवे निम्म्यावर आले आहे. मधल्या काळात टेरी प्रॅचेट यांच्या टिफनी एकिंग मालिकेतील पहिल्या दोन कादंबऱ्या आणि फ्रान्सिस हार्डिंज यांची ‘द लाय ट्री’ हीही हातावेगळी झाली. ही पुस्तके कोणत्याही सूत्राने निवडलेली नव्हती, तरी वाचता वाचता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला : ज्ञान कोणाच्या ताब्यात असते, आणि ते जिच्यापर्यंत पोहोचू नये अशी तजवीज केलेली असते, ती मुलगी ते कसे मिळवते? पुढची टिपणे याच प्रश्नाच्या अनुषंगाने केली आहेत. कथानकांचे शेवट कुठेही उघड केलेले नाहीत.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली बर्कली येथील पार्नासस प्रेसने प्रसिद्ध केली. किशोरवयीन वाचकांसाठी काही लिहा, असे प्रकाशकाने सुचवल्यावर ले ग्विन यांना प्रश्न पडला की, गोष्टींतले सगळे जादूगार पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात, पण ते म्हातारे होण्याआधी कोण होते आणि ही विद्या शिकले कुठे? त्यातून गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा गेड आणि रोक बेटावरची जादूची शाळा जन्माला आली. या वाचनात मला सर्वांत जास्त भावला तो हस्तविद्येच्या गुरूंचा पाठ. खड्याचा हिरा झाल्याचा भास निर्माण करणे ही साधी करामत आहे. पण त्याचा खरोखर हिरा करायचा, तर त्याचे खरे नाव बदलावे लागते, आणि विश्वाचा एवढासा अंश बदलला तरी सगळे विश्व बदलते, हे ते गेडला तळहातावरचा खडा दाखवत समजावतात. तरुण आणि उतावीळ गेडला हे पटत नाही, आणि पुढची सगळी कथा या न पटण्याचीच फळे आहेत.

गेडची कातडी तांबूस तपकिरी आहे, त्याचा मित्र वेच काळा आहे, आणि गोरे लोक राहतात ते दूरच्या कार्गाद बेटांवर, हे लेखिकेने विचारपूर्वक ठरवलेले होते. असे असूनही अनेक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेड गोरा दिसत राहिला, आणि २००४ साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतही तेच झाले. ले ग्विन यांनी त्याचा जाहीर निषेध केला होता. ज्यांना सचित्र प्रत हवी असेल त्यांनी चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांची, २०१८ सालची एकत्रित आवृत्ती पाहावी. ती चित्रे लेखिकेशी सल्लामसलत करून काढलेली असल्यामुळे माणसे मूळ वर्णनाप्रमाणे दिसतात. ग्रंथ मात्र इतका जाडजूड आहे की तो हातात धरून वाचणे अवघड जाते. मेजावर ठेवूनच वाचावा लागतो.

पहिल्याच पुस्तकात, अगदी सुरुवातीला, गॉन्टवरच्या दोन म्हणी येतात : एकीत बायकांची जादू दुबळी ठरते, दुसरीत दुष्ट. गेडला पहिले मंत्र शिकवणारी त्याची मावशी ही गावठी चेटकीण असते, आणि निवेदक तिच्याबद्दल फारशा आदराने बोलत नाही. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही, पण त्याचे कारण कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. या खेपेला मी त्या पानावर खूण करून ठेवली, कारण पुढे या दोन म्हणींचा हिशेब द्यावाच लागतो.

‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१) हे माझ्या मते या मालिकेतले सर्वांत घट्ट विणीचे पुस्तक आहे. त्याला १९७२ साली न्यूबेरी सन्मान मिळाला. तेनार नावाच्या लहानग्या मुलीला आईवडिलांपासून तोडून थडग्यांच्या देवस्थानात आणले जाते. आधीची मुख्य पुजारीण ज्या रात्री वारली त्याच रात्री तेनार जन्मली, म्हणून ती त्याच पुजारिणीचा पुनर्जन्म मानली जाते, आणि तिचे नाव काढून घेऊन तिला ‘अर्हा’ म्हणजे ‘गिळलेली’ असे संबोधले जाते. थडग्यांच्या तळाशी असलेल्या भुयारात दिवा न्यायला सक्त मनाई आहे. त्यामुळे ती तिथली वाट भिंतीवरून हात फिरवत आणि आडवाटांची तोंडे मोजत पाठ करते. अंधारावर असे प्रभुत्व मिळवणे हेच तिला आपले वैभव वाटते. कथेला चांगला रंग भरल्यावर गेड तिथे चोरवाटेने शिरतो, आणि त्याच्या काठीच्या उजेडात तिला ती गुहा पहिल्यांदा दिसते : भिंतीभर चमकणारे स्फटिक आणि चुनखडीची पांढरी नक्षी. जी जागा ती केवळ बोटांनी ओळखत होती आणि जिची मालकीण म्हणून वाढली होती, ती एवढी सुंदर आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, कारण सांगणाऱ्यांनीही ती कधी पाहिली नव्हती. एका मुलीला अज्ञानात ठेवणारी व्यवस्था स्वतःही किती आंधळी असते, हे या एका दृश्याइतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे काही मी किशोरसाहित्यात वाचलेले नाही. गेड इथे उद्धारकर्ता होत नाही. त्याला तिची जितकी गरज आहे तितकीच तिलाही त्याची आहे, आणि निर्णय तिचाच राहतो.

‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) मी झपाट्याने संपवले. जगातली जादू आटत चालली आहे आणि गेड तरुण राजपुत्र अरेनसह तिचे कारण शोधायला निघतो, हा प्रवास भव्य आहे, पण त्यात माझे मन तितकेसे रमले नाही.

त्यानंतर लेखिकेने अठरा वर्षांची खंडित वाट पुन्हा धरली. १९९० साली आलेल्या ‘तेहानू’ला नेब्युला पुरस्कार मिळाला, आणि हे मालिकेतले शेवटचे पुस्तक, असे तेव्हा त्याच्या उपशीर्षकातच म्हटले होते. तेनार आता गॉन्टवर शेती करणारी मध्यमवयीन विधवा आहे. तिने एका भाजलेल्या, माणसांनीच छळलेल्या मुलीला पदराखाली घेतले आहे. गेड ड्रॅगनच्या पाठीवरून परत येतो तो सगळी विद्या गमावून. स्वयंपाक, शेळ्या, भांडी, औषधपाणी, शेजारीण असलेली चेटकीण मॉस यांच्यातून कथा सावकाश पुढे सरकते, आणि पहिल्या पुस्तकातल्या त्या दोन म्हणींची उलटतपासणी इथे होते. बायकांची जादू दुबळी का, तिला शिकू कोणी दिले, आणि पुरुषाची विद्या गेल्यावर त्याच्यापाशी उरते काय, हे प्रश्न तेनार उघडपणे विचारते. अनेक जुन्या वाचकांना हे पुस्तक रुचले नाही, कारण त्यात साहस कमी आणि घरकाम जास्त आहे. मला मात्र लेखिकेने आपल्याच जगाकडे अशा कठोर नजरेने पाहावे आणि तरीही ते मोडून न टाकता विस्तारावे, याबद्दल अपार आदर वाटतो. ज्यांनी तीन पुस्तकांनंतर थांबायचे ठरवले असेल त्यांनी कृपया थांबू नये.

प्रॅचेट यांची ‘द वी फ्री मेन’ (२००३) ‘तेहानू’च्या पाठोपाठ वाचली हे बरे झाले. टिफनी नऊ वर्षांची आहे, खडूच्या टेकड्यांवरच्या मेंढपाळ घराण्यातली आहे आणि चीज उत्तम बनवते. तिने शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आहे, कारण तो तसा वाचायचा नसतो हे तिला कोणी सांगितलेले नाही. नदीतून राक्षसीण डोके वर काढते तेव्हा टिफनी घरी जाऊन परीकथांचे पुस्तक उघडते. त्यात त्या राक्षसिणीचे डोळे सूपच्या बश्यांएवढे असल्याचे लिहिलेले असते, म्हणून ती कपाटातली बशी काढून मोजपट्टीने मोजते. बशी आठ इंचांची भरते. मग धाकट्या भावाला आमिष म्हणून काठावर बसवून ती जड तवा घेऊन दबा धरते. हा प्रसंग हसवतो, पण त्याच पुस्तकात गावाने चेटकीण ठरवून बेघर केलेल्या आणि थंडीत मेलेल्या एका म्हातारीची आठवणही आहे, आणि टिफनीला चेटकीण का व्हायचे आहे याचे मूळ त्या म्हातारीत आहे. ‘अ हॅट फुल ऑफ स्काय’ (२००४) मध्ये ती शिकाऊ म्हणून दुसऱ्या चेटकिणीकडे राहते, आणि चेटकिणीचे बहुतेक काम म्हणजे आजाऱ्यांची नखे कापणे आणि एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करणे हेच असते, हे तिला उमगते. मॉस आणि टिफनी यांची भेट झाली असती तर दोघींचे उत्तम जमले असते.

‘द लाय ट्री’ला २०१५ सालचा कॉस्टा बुक ऑफ द इयर पुरस्कार मिळाला; फिलिप पुलमन यांच्या ‘द अँबर स्पायग्लास’नंतर हा मान मिळवणारे ते पहिलेच बालकिशोर पुस्तक होते. डार्विनच्या ग्रंथाने खळबळ उडवल्यानंतरच्या इंग्लंडमध्ये, वेन नावाच्या काल्पनिक बेटावर, चौदा वर्षांची फेथ वडिलांचे जीवाश्म-संशोधन चोरून वाचत असते. स्त्रियांची कवटी लहान, म्हणून बुद्धीही बेताची, असे एक डॉक्टर तिच्या देखत ठामपणे सांगतो. वडिलांचा मृत्यू झाल्यावर तिला अंधारात वाढणाऱ्या एका झाडाचा शोध लागतो. त्याच्या कानात खोटे कुजबुजायचे, ते खोटे लोकांत पसरवायचे, आणि जितके अधिक लोक त्यावर विश्वास ठेवतील तितके मोठे सत्य त्याच्या फळातून कळते. जिला कोणी काही विचारत नाही, तिच्या अफवेवर मात्र सगळे गाव विश्वास ठेवते, ही हार्डिंज यांची कल्पना विलक्षण धारदार आहे. मधला काही भाग रेंगाळतो, तरी पुस्तक सोडवत नाही.

सध्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ (२००१) चालू आहे. त्यातल्या ‘द फाइंडर’ या पहिल्याच दीर्घकथेत रोकच्या शाळेच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता आणि नंतर त्यांनाच बाहेर काढण्यात आले, हे कळते, आणि १९६८ मधल्या बंद दाराचा इतिहास उलगडतो. पुढे ‘ड्रॅगनफ्लाय’ आहे, ज्यात एक तरुणी त्याच शाळेचे दार ठोठावते. हीच तरुणी ‘द अदर विंड’मध्ये पुन्हा येते. त्यामुळे ज्यांच्याकडे सुटी पुस्तके आहेत त्यांनी पाचवे गाळून थेट सहाव्याकडे जाऊ नये. ‘द अदर विंड’ आणि टिफनीचे तिसरे पुस्तक ‘विंटरस्मिथ’ यांच्याबद्दल पुढच्या नोंदीत लिहीन.